हो किंवा नाही सोडून

मंगळवार, १२ मे
दवाखाना, दुपारची सुट्टी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. केसांना कलप लावायला लागलास असं ऐकलं, तरी आशीर्वादच. मोठ्या बहिणीपुढे कलपाचं काही चालत नाही.

तुझं पत्र आणि आतला फोटो मिळून बरेच दिवस झाले. खोली छान दिसते. खिडकी मोठी, उजेड भरपूर, दार रुंद ठेवलंस, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलास, सगळं नीट पाहिलं. भिंतीचा रंगही शांत आहे. खोलीबद्दल सविस्तर पुढे लिहिते.

आधी बाकीच्या बातम्या. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून घरातला एकही नळ सुरक्षित राहिलेला नाही. जन्मभर पाणीखात्यात कागद हलवले, पाना कधी हातात धरला नाही, तो आता धरलाय. जे नळ गळत नव्हते तेही आता गळतात. लेक नव्या गावी रुळली. रविवारी फोन करते, "आई, जेवले" एवढं सांगते आणि ठेवते. माझा दवाखाना जोरात आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं बरं चाललंय.

तू विचारलंस, "बाबा ठीक आहेत ना?" हो, ठीक आहेत.

मध्यंतरी एक गंमत झाली ती सांगते. आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेने पेशंटशी कसं बोलावं याचं शिबिर ठेवलं. सक्तीचं. मी म्हटलं, मला काय शिकवणार, मी दिवसभर बोलतच असते. तर आमच्या अध्यक्षांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमच्याबद्दल एक तक्रार आहे. हात फार हलका आहे, पण माणसाला बोलू देत नाहीत."

आता तूच सांग, दाढेत ड्रिल घातल्यावर माणूस बोलणार काय? मी विचारते, "दुखतंय? दुखत असेल तर डावा हात वर." "चूळ भरायची?" "बधिर झालं?" माझे सगळे प्रश्न मान हलवून उत्तर देता येईल असेच. इतकी वर्षं हेच केलं.

शिकवायला आलेली बाई माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. आवाज इतका मऊ की मागच्या रांगेतले दोघे झोपले. तिने सांगितलं, रोज एक प्रश्न दुसऱ्याला विचारा आणि एक स्वतःला. अट एवढीच की "हो" किंवा "नाही" म्हणून त्यातून सुटता येता कामा नये. आणि विचारून झालं की गप्प बसा, उत्तर आपण पुरवू नका. रोज जेवतो तसं रोज करा, म्हणे, काही महिन्यांनी माणूस आतून थोडा मोठा होतो. मी मनात म्हटलं, मी बाहेरूनच पुरेशी मोठी झालेय.

पण तक्रार लागली होती मला. म्हणून सुरू केलं.

पहिला प्रयोग तुझ्या भाऊजींवर. सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "अहो, आजकाल तुम्हाला कसं वाटतं?" त्यांनी कप खाली ठेवला आणि पांढरेफटक पडून म्हणाले, "काय झालं? रक्ताचा रिपोर्ट आला का?" मी म्हटलं, काही नाही, सहज. "सहज तू असं कधी विचारलंयस?" दिवसभर ते माझ्या मागे मागे, मी काहीतरी लपवतेय म्हणून.

दुसरा प्रयोग माझ्या मदतनीस बाईंवर. जुन्या आहेत, तुला आठवत असतील, नाकावरून सतत चष्मा घसरणाऱ्या. विचारलं, "बाई, दवाखान्यात काय बदललं तर तुम्हाला बरं वाटेल?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, सगळं छान." मी गप्प बसले. कापसाचे बोळे करत बसले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाल्या, "तो रेडिओ." तो रेडिओ मी त्यांच्यासाठी लावते, त्यांना आवडतो म्हणून, आणि त्या सहन करत होत्या, मला आवडतो म्हणून. दोघींनाही तो नको होता. बंद केला. आता दवाखान्यात इतकं शांत असतं की पेशंटच्या पोटातली गुरगुरही ऐकू येते.

पेशंट आला. बाकीचं उद्या.

बुधवार, सकाळी

काल जे लिहिलं ते वाचलं. रेडिओवर एवढं लिहिलं आणि बाबांवर एक ओळ. तू काही दुधखुळा नाहीस, तुझ्या लक्षात आलंच असेल. आता सरळ लिहिते.

ज्या शिबिराची गंमत सांगितली, त्यानंतर काही दिवसांनी मी बाबांना विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?" तोवर मी त्यांना काय विचारायची? जेवलात? गोळी घेतलीत? झोप लागली? पंखा कमी करू? ते "हो, हो, हो, नको" म्हणायचे आणि मला वाटायचं आमचं छान बोलणं झालं.

त्या दिवशी ते जरा दचकलेच. म्हणाले, "तुला कोणी काही सांगितलं का?"

"काय सांगायचं?"

"नाही, काही नाही."

मी गप्प बसले. खरं सांगते, फार अवघड असतं ते. माझ्या तोंडात चार प्रश्न रांगेत उभे होते. पण जीभ दाताखाली धरून बसले. बाबांनी टेबलावरचा मिठाचा डबा इकडून तिकडे केला, परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, "मी पोहायला जातो."

धाकट्या, मला वाटायचं ते रोज वाचनालयात जातात. पिशवी घेऊन जायचे, मला वाटायचं पुस्तकं. पिशवीत टॉवेल आणि चड्डी.

"पोहायला म्हणजे? तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"म्हणूनच जातो. येत असतं तर शिकायला कशाला गेलो असतो?"

मग असे बोलायला लागले की चहा गार होऊन तसाच राहिला. शिकवणारी मुलगी किती ओरडते ते सांगितलं. पहिल्यांदा पाण्यात उतरताना कठडा सुटेना, तेव्हा शेजारच्या एका निवृत्त बसड्रायव्हरने कसं म्हटलं, "काका, ब्रेक सोडा," ते सांगितलं. आणि हे का सुरू केलं तेही सांगितलं. तुला माहीतच आहे, जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट वरखाली होते त्या अंधाऱ्या विहिरीत, कमरेला पट्टा बांधून. म्हणाले, "आयुष्यभर दोराला लटकलो. एकदा दोराशिवाय लटकून बघायचं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

 मी खरंच नको म्हणाले असते. वर निमोनियावर भाषण दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेशंट पुढे ढकलून मी बघायला गेले. तलाव म्हणजे जुनीच इमारत, क्लोरीनचा वास, फुटक्या फरशा, वर काचेचं छप्पर. बाबा पाण्यात उताणे पडलेले, हात पसरलेले, पोट वर, डोळे मिटलेले. शेजारी ते ड्रायव्हरकाका तसेच. दोघे जण न बोलता तरंगत होते. शिकवणारी मुलगी काठावरून ओरडत होती, "पाय हलवा, पाय. झोपायचं नाहीये." आणि बाबा हसत होते. दात काढून, वरच्या ओळीतला मी बसवलेला नकली दातांचा पूलसुद्धा दिसेल असे. आई गेल्यापासून तो पूल मी बाहेरून पाहिलाच नव्हता.

मी त्यांना हाक मारली नाही. तशीच परत आले आणि दवाखान्यात आल्यावर एका चांगल्या माणसाची चुकीच्या बाजूची दाढ बधिर केली. त्याने डावा हात वर केला म्हणून वाचला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण ही सवय दारू­सारखी आहे, एकावर थांबत नाही. मला पुढचा प्रश्न दिसायला लागला आणि मी तो टाळायला लागले. रोज बाबांना काहीतरी दुसरंच विचारायचे. तुमचा सगळ्यात अवघड बिघाड कोणता होता, आईने तुमच्यात काय पाहिलं, असलं. उत्तरं मजेदार यायची. (आईने काही पाहिलं नव्हतं. लिफ्टमध्ये अडकली होती आणि यांनी दार उघडलं. एवढंच. हे तुला माहीत होतं? मला नव्हतं.)

शेवटी एका रविवारी विचारलं, "बाबा, इथून पुढे तुम्हाला कसं राहायचंय?"

ते मग म्हणाले, "ड्रायव्हरच्या घरात एक खोली रिकामी आहे. तळमजला. तलाव अगदी दोन गल्ल्या पलीकडे. तो म्हणतो, ये."

"भेटायला?"

"राहायला."

मी काय केलं असेल ते तुला सांगायला नकोच. गप्प बसायचा नियम गेला चुलीत. गोळ्या कोण देणार, स्वयंपाक कोण करणार, रात्री पडलात तर, लोक काय म्हणतील, इथे काय कमी आहे, माझं काय चुकलं. दाताच्या कण्या केल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही गं पोरी. फार नीट सांभाळलंस. इतकं नीट की मला इथे पाहुण्यासारखं वाटतं. मला पुन्हा कधीतरी घरातली भांडी घासायची आहेत." मग थांबून म्हणाले, "तू विचारलंस म्हणून सांगितलं. विसरून जा." आणि आपल्या खोलीत गेले.

ते "विसरून जा" मला फार लागलं. नंतरचे दोन-तीन दिवस मी विचारायची, जेवलात? ते म्हणायचे, हो. पुन्हा तेच. गळणाऱ्या नळाखाली वाडगं ठेवत तुझे भाऊजी म्हणाले, "एक विचारू? तू त्यांना प्रश्न विचारला होतास की त्यांची परीक्षा घेतली होतीस?"

माणूस नळ दुरुस्त करू शकत नाही, पण अधूनमधून बरोबर जागी पाना लावतो.

स्वतःला विचारायचा रोजचा प्रश्न मी तोवर उरकून टाकायचे. दात घासता घासता, "आज मी काय नवीन शिकेन?" आणि गुळणी. त्या दिवशी मात्र दवाखाना उघडण्याआधी पेशंटच्या खुर्चीत जाऊन पडले. वरचा दिवा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, मला बाबा माझ्याच घरी का हवेत?

पहिलं उत्तर आलं, त्यांच्या काळजीपोटी. ते खरं आहे, पण ते वरचं झालं. खाली किडलेलं वेगळंच होतं. लेक गेली, तिला माझी गरज उरली नाही. भाऊजी घरात आहेत पण त्यांना फक्त पाना लागतो. बाबा मागच्या खोलीत होते तोवर घरात एक माणूस असा होता की ज्याच्यासाठी मी दुपारी घाईने घरी जायची. आणि दुसरं म्हणजे, ते तिथे आहेत तोवर मी कोणाची तरी मुलगी आहे. या वयात ते कुठे मिळतं? त्या खुर्चीत पडून मी थोडी रडले. मदतनीस बाई आल्या, मला बघितलं, काही न विचारता तोंड पुसायला कागद दिला आणि बाहेर जाऊन बसल्या. रेडिओ नव्हता ते बरं झालं.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "पिशव्या कधी भरायच्या?"

तर बातमी ही आहे, धाकट्या. बाबा आमच्याकडे राहत नाहीत. महिना होऊन गेला. तू विचारलंस तेव्हा मी "ठीक आहेत" म्हटलं, ते खोटं नव्हतं. फक्त कुठे, ते सांगितलं नाही.

तू आता फोन उचलून ओरडायच्या आधी पुढचं वाच. मी रोज संध्याकाळी दवाखान्यातून जाताना डोकावते. गोळ्या ड्रायव्हरकाका देतात, घड्याळ लावून, बस सोडावी तशा. भांडी बाबा घासतात आणि इतकी घासतात की कढईचा तळ पातळ होईल. राहायला तळमजल्यावर आहेत, तरी पहिल्याच दिवशी इमारतीची लिफ्ट तपासून आले आणि वरच्या मजल्यांवर प्रसिद्ध झाले. आता कोणी ना कोणी दारात उभं असतं, काका, दार अडकतंय बघा ना. दोघे जण भांडतात फक्त खिडकी उघडी ठेवण्यावरून. एकाला वारा हवा असतो, एकाला सोसत नाही. शेवटी दुपारपर्यंत उघडी, मग बंद, असा तह झाला.

मागच्या शनिवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सूप खारट होतं, पाव करपलेला होता, आणि बाबा दर घासाला आमच्या तोंडाकडे बघत होते. तुझ्या भाऊजींनी दोनदा वाढून घेतलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं असेल.

जेवण झाल्यावर मी भांड्यांना हात लावायला गेले तर बाबांनी बसवलं. म्हणाले, "मला एक सांग. तुला दातच का आवडले? डोळे होते, हाडं होती."

एवढ्या वर्षांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मलाही उत्तर माहीत नव्हतं, बोलता बोलता सापडलं. मी म्हटलं, बाबा, दाढ दुखणारा माणूस आत येतो तेव्हा चेहरा कसा असतो आणि अर्ध्या तासाने बाहेर जाताना कसा असतो ते बघा. दुसरं कुठलं दुखणं इतकं लवकर थांबवता येतं? बाबांनी ओल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. साबणाच्या हाताने. केसांना फेस लागला. मी तो पुसला नाही बराच वेळ.

बघ, मी म्हणत होते मुलगी असणं संपेल. तर पहिल्यांदाच नीट सुरू झालं.

आता तुझी खोली. ही गोष्ट मी कालपासून पुढे ढकलतेय. खरं तर फोटो आला त्या दिवसापासून.

तुझ्या मनात होतं की या हिवाळ्याआधी बाबांना कायमचं तिकडे न्यायचं. मी फोटो बाबांना दाखवला. ते चष्मा लावून खूप वेळ बघत बसले. ड्रायव्हरकाकांना बोलावून दाखवला, "माझ्या मुलाने बांधली," म्हणून. दाराची रुंदी, दांड्याची उंची, सगळं त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग मला म्हणाले, "फार मनापासून केलंय त्याने. पण मला तिथे नाही राहायचं. त्याला हे तू सांगशील?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, "फोनवर मी 'हो' म्हणून बसेन. मला त्याला नाही म्हणता येत नाही."

म्हणून हे पत्र. तुला वाईट वाटेल, वाटू दे. मलाही वाटलं होतं. माझ्याकडून गेले आणि तुझ्याकडे येत नाहीत, आपण दोघं एकाच बाकावर आलो. शाळेत कधी नव्हतो, आता आलो.

पण उन्हाळा संपताना ते यायचं म्हणतायत. राहायला नाही, मुक्कामाला. बरोबर ड्रायव्हरकाका. तुझ्याकडे जवळपास कुठे पोहायला तलाव किंवा नदी आहे का ते कळव, म्हणजे त्यांचा मुक्काम वाढेल. आणि ते आले की त्यांना गोळी घेतलीत का विचारू नकोस. घेतलेली असते.

फोटो दाखवला त्या दिवशी मी निघताना बाबांनी तो परत देता देता एक वाक्य म्हटलं, ते तुला सांगू की नको यावर मी बरेच दिवस विचार केला. म्हणाले, "एकटा माणूस एवढ्या मोठ्या घरात आणखी एक खोली बांधतो, तेव्हा त्याला नक्की काय हवं असतं?" ते मला विचारत नव्हते. पण मला ऐकू आलं.

धाकट्या, तुझी बायको घर सोडून गेली त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हा मी तुला फोन करून काय विचारलं होतं, आठवतंय? "तू बरा आहेस ना?" तू म्हणालास, "हो." मी म्हटलं, "जेवण वेळेवर घे," आणि ठेवला. त्यानंतर दर आठवड्याला तेच. मी पेशंटची दाढही इतक्या घाईने सोडत नाही.

मला तुझ्या कामाचं माहीत आहे. तुझ्या छपराची दुरुस्ती झाली ते माहीत आहे, खोलीत कोणती फरशी घातलीस तेही फोटोत दिसतं. पण संध्याकाळी कामावरून येऊन तू कुलूप उघडतोस, आत जातोस, मग पुढे काय करतोस? दिवा कुठला लावतोस, बसतोस कुठे, कोणाशी बोलावंसं वाटतं? मला खरंच माहीत नाही. ते मला लिही. चांगलं असेल तसं लिही, नसेल तसंही लिही. किती पानं होतील याची काळजी करू नकोस. माझ्याकडे चष्मा आहे आणि दुपारची सुट्टी आहे.

बाबांकडून आणि ड्रायव्हरकाकांकडून आशीर्वाद. भाऊजींकडून एक निरोप, तुझ्या नव्या न्हाणीघरातला नळ गळत असेल तर ते यायला तयार आहेत. गळत नसेल तरी.

तुझी संध्याकाळ कशी असते हे अजून ठाऊक नसलेली,
तुझी
ताई